आईच्या वहीतलं 'नि. वा.'

पारिजात_सांगली

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे वाचनमात्रच असते, पाककृतींच्या धाग्यावर कधीतरी "मस्त दिसतंय" लिहून पळते. आज जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. ओव्हरीचा कॅन्सर. सुरुवातीला पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की पोट भरतंय, म्हणून चार महिने नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि तोवर तिसरी स्टेज. मग परळचं टाटा हॉस्पिटल. तीन केमो, ऑपरेशन, परत तीन केमो. दर २१ दिवसांनी रात्रीची महालक्ष्मी पकडायची आणि पहाटे दादरला उतरायचं. मध्ये थोडे दिवस बरे गेले, मग परत उलटलं. सगळे मिळून १४ महिने.

तर प्रॉब्लेम असा आहे की आई ६८ वर्षं जगली आणि मला हे १४ महिनेच आठवतात. तिचं नाव निघालं की आधी स्कार्फ दिसतो, मग तो हिरवा पडदा, मग फाइल. आधीची आई आठवायची म्हटलं तर फोटो बघावे लागतात, आणि फोटोत ती दर वेळी कुणाच्या तरी मागे उभी. भाऊ म्हणतो वर्षश्राद्धाला येणाऱ्यांना द्यायला छोटीशी पुस्तिका काढू, तू लिही. लिहायला बसले की "कर्करोगाशी झुंज" असलंच काहीतरी उमटतं. आईने वाचलं असतं तर म्हणाली असती, "झुंज द्यायला मी काय एडका आहे?"

ती टेलिफोन ऑपरेटर होती. १९७७ साली सांगलीच्या एक्स्चेंजला लागली, तेव्हा डाक-तार खातं होतं, रिटायर झाली तेव्हा बीएसएनएल. अर्ध्या गावाचे नंबर पाठ. घरी फोनची डायरी कधी नव्हतीच, आईच डायरी. तिसऱ्या केमोनंतर एकदा मावशीला फोन लावायला बसली आणि नंबर आठवेना. रिसीव्हर हातात धरून कितीतरी वेळ तशीच. केस गेले तेव्हा रडली नव्हती हो, त्या दिवशी रडली. बघा, परत मी तिथेच आले.

दुसरा प्रश्न पाककृतीचा आहे पण इथेच विचारते. तिच्या वहीत गोड्या मसाल्याचं पान सापडलं. धणे १ किलो, सुकं खोबरं पाव, तीळ पाव, नागकेशर २ तोळे वगैरे सगळं नीट आहे. पण दगडफूल पुढे "नि. वा.", शहाजिरं "नि. वा.", खसखस "नि. वा. ला कमी". भाऊ ठामपणे म्हणतो नि. वा. म्हणजे निळी वाटी, लहानपणी घरात होती. मला आठवत नाही. गेल्या आठवड्यात माळा उपसला, तीन पितळी डबे आणि माझी दहावीची जर्नल्स निघाली, निळी वाटी काही नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "असेल."

तुमच्यापैकी ज्यांनी हे सोसलंय त्यांना आजाराच्या आधीची आई परत कशी मिळाली? आणि गोड्या मसाल्यात एक किलो धण्याला दगडफूल किती घालता?

चकली_भाजणी

पारिजात, एक घट्ट मिठी. माझी आई जाऊन ११ वर्षं झाली, ब्रेस्टचा. पहिली दोन वर्षं मलाही फक्त शेवटची खोलीच दिसायची. मग एकदा रिक्षावाल्याशी दोन रुपये सुट्ट्यांवरून कचाकचा भांडत होते आणि भांडता भांडता लक्षात आलं की हा आवाज माझा नाहीच, हा आईचा. त्या दिवसापासून ती भांडखोर आई परत आली ती कायमची. रिक्षावाल्याला शेवटी पाच रुपये जास्तच दिले, तो घाबरला.

दगडफूल मी अंदाजे घालते. हे काही उत्तर नाही, माहीत आहे.

रांगडा_कोल्हापूरकर

ताई, वाईट वाटलं वाचून. पण एक शंका. सांगलीत राहून गोडा मसाला? कांदा-लसूण चटणीच्या मुलखात हे असलं चालवून घेतलं कुणी?

बार्शीकर

@रांगडा, तुमच्या चटणीचं कौतुक तुमच्यापाशी. आमच्याकडे काळा मसाला, तोही डंकावर कांडून आणलेला. आणि काही पुणेकर गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

पारिजातताई, माझी आई गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. रक्त जायचं, तिने दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. बार्शीतच नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, १९८७ पासून तिथे ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदणी चालते, त्यांच्या बायका गावोगाव तपासणीला यायच्या. आमच्या वाडीत पण आल्या होत्या. आई त्यांना चहा करून द्यायची आणि स्वतः तपासून घ्यायची नाही. "मला काय झालंय?" म्हणायची. हे मला जास्त छळतं, आजारापेक्षा. चहा चांगला करायची मात्र. ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांनी एचपीव्हीची लस देऊन टाका, २०२३ पासून आपल्या पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक पण मिळते, ९ ते १४ वयात दोनच डोस लागतात. माझ्या दोन्ही पोरींना दिली. बायकोलाही तपासून आणलं, ती चिडली होती.

खवचट_खार

थोडं कडू लिहितो, राग नको. पुस्तिका काढू नका. माझ्या घरात अशा सात पुस्तिका आहेत, सगळ्यात मृत व्यक्ती "प्रेमळ, कष्टाळू आणि हसतमुख". सातही जण मी पाहिलेले आहेत, त्यातला एक नुसता खत्रूड होता. लोक पेढा खातात, पुस्तिकेवर ताट ठेवतात. त्यापेक्षा मसाला करा आणि पुड्या वाटा.

अटलांटिकपार

मी वेगळं बोलणार आहे. पारिजात, तुम्हाला ते १४ महिने नकोसे झालेत, समजू शकतो. मला एक महिना पण मिळाला नाही. २०२१ चा एप्रिल, मी न्यू जर्सीत, आई नाशिकला, पॅनक्रियाजचा. निदान झाल्यापासून २६ दिवस. बहिणीने फोन आईच्या उशीला टेकवून ठेवलेला असायचा आणि मला निम्म्या स्क्रीनवर छतावरचा पंखा दिसायचा. माझी आई म्हणजे तो पंखा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की नाही ते पण व्हिडिओवर, आणि नेमका नेट गेला.

माझ्याकडे तिचा एक व्हॉइस मेसेज आहे, ४७ सेकंदांचा. त्यात ती फक्त विचारते की तू फ्रीजमधलं लोणचं संपवलंस का, बरणीला बुरशी आली असेल तर वरचं काढ, खालचं चांगलं असतं. तीन फोन बदलले, दर वेळी आधी तो मेसेज हलवतो आणि मग बाकीचं. तुम्ही तिच्यासोबत महालक्ष्मीत बसलात. मी तुमच्या जागी असतो तर त्यातलं काहीही पुसायला निघालो नसतो.

खवचट_खार

@अटलांटिकपार, लोणच्याचं वाचून उठून स्वयंपाकघरात गेलो. बुरशी आहे. वरचं काढलं.

पारिजात_सांगली

@अटलांटिकपार, दोनदा वाचलं. पुसायचं नाहीये हो, फक्त त्यांनी सगळी जागा अडवून ठेवलीय. पण तुम्ही म्हणता ते डोक्यात राहील.

@खार, आईपण खत्रूड होती. खरंच. फोनवर कुणी फार वेळ बोलायला लागलं की मागून ओरडायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायचेत का?" ट्रंक कॉलची सवय, तो तीन-तीन मिनिटांच्या हिशोबाने असायचा. माझं लग्न ठरल्यावर नवऱ्याचा पहिला फोन आला तेव्हा पण ओरडली. तो बिचारा "नको, नको" म्हणून ठेवूनच मोकळा झाला.

निवांत_नाना

माझं वय ७४. मी आईबद्दल लिहीत नाही, पत्नीबद्दल लिहितो, म्हणजे माझ्या मुलांच्या आईबद्दल. तोंडाचा कॅन्सर. मिश्री लावायची, लग्नाच्या आधीपासून. मी सोड म्हणालो नाही कारण माझी आई पण लावायची, आणि आमच्याकडे त्याला व्यसन म्हणत नसत, दात घासणं म्हणत. शेवटी दुखणं इतकं वाढलं की रात्री भिंतीला पाठ लावून बसायची. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तर आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, सवय लागेल. ज्या बाईचे दोन महिने राहिलेत तिला कसली सवय लागायची? पण मी त्यांचं ऐकलं. आठ दिवस गोळ्या कपाटात. ते आठ दिवस माझ्या खात्यावर आहेत. पुढे कुणीतरी पुण्यात वारज्याच्या सिप्लाच्या केंद्राचं सांगितलं, तिथे असं दुखणं कमी करतात, १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत. तिथे गेल्यावर दोन दिवसांत ती आडवी झोपली. सकाळी उठून मला म्हणाली, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." मला तर ते बटणच आठवतं. मुलांना वेगळंच आठवतं, मुलगा म्हणतो आई शीळ वाजवायची. ४१ वर्षांच्या संसारात मी तिची शीळ ऐकलेली नाही! मुलगी म्हणते खरं आहे, तुम्ही ऑफिसला गेलात की वाजवायची.

तेव्हा ताई, तुमच्या वडिलांना विचारून "असेल" एवढंच मिळेल. बाहेरच्यांना विचारा.

चकली_भाजणी

नाना 🙏 शीळ!

बार्शीकर

नाना, आठ दिवस खात्यावर ठेवू नका. आमच्या वाडीत आजसुद्धा मॉर्फिन म्हटलं की लोक डॉक्टरकडे संशयाने बघतात. नियमही फार जाचक होते, २०१४ साली कायदा बदलल्यावर जरा सोपं झालं.

रातराणी_मिरज

मी कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे, १६ वर्षं. पारिजात, दोन गोष्टी सांगते.

एक कामाची. आईची बीआरसीए टेस्ट (कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला दोष शोधतात ती) झाली होती का ते फाइलमध्ये बघा. ओव्हरीच्या पेशंटला सांगतातच, पण घाईत राहून जातं. आईमध्ये तो दोष असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी, मुलगा असो नाहीतर मुलगी. घाबरवत नाहीये, आईची टेस्ट राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून तुमची करून घ्या आणि मोकळ्या व्हा.

दुसरी. वॉर्डात पेशंट आला की दोन दिवसांत आम्हाला कळतं हा माणूस घरी कसा असेल. कुणी सलाईन चालू असताना पण शेजारच्याच्या डब्यात डोकावतं, कुणी आमच्या ड्यूट्या लावून देतं. एक आजी होत्या, सुई टोचली की आधी आम्हाला विचारायच्या, "जेवलीस का गं?" तुमची आई परळला कशी होती? स्कार्फ सोडून सांगा.

पारिजात_सांगली

रातराणी, टेस्टचं बघते, भावाकडे आहे फाइल. थँक यू.

परळला कशी होती. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचो. चौथ्या खेपेला मी खालून चहा घेऊन वर आले तर आईभोवती सहा-सात बायका बसलेल्या. एक परभणीची, एक थेट बिहारहून, तिला मराठी येत नव्हतं आणि आईचं हिंदी म्हणजे "तुम काळजी मत करो". आईने सगळ्यांच्या फाइलींचे नंबर लिहून काढले होते, कुणाची कुठली तपासणी किती वाजता, कुठल्या मजल्यावर, आणि सकाळी सात वाजता सगळ्यांना उठवून लायनीने पाठवायची. लिहून, कारण पाठ राहत नव्हतं ना आता. पाठीमागच्या कागदावर रेघा मारून तक्ता केला होता, अगदी एक्स्चेंजला असायचा तसा. परभणीच्या बाईचा रिपोर्ट आला नाही तर काउंटरला जाऊन "जरा अर्जंट जोडून द्या" म्हणाली. जोडून! तो मुलगा हसला आणि रिपोर्ट काढून दिला.

मी हे आत्ता लिहीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा मला तिचा राग आला होता, की स्वतः आराम करायचा सोडून हे कसले उद्योग.

रांगडा_कोल्हापूरकर

थांबा थांबा थांबा. रातराणीताईंचा प्रतिसाद परत वाचा. "शक्यता निम्मी". आणि अटलांटिकवाल्याची "निम्मी स्क्रीन".

पारिजातताई, नि. वा. = निम्मी वाटी!! निळी बिळी काही नाही! दगडफूल निम्मी वाटी, शहाजिरं निम्मी वाटी, खसखस निम्म्या वाटीला कमी. एक किलो धण्याला बरोब्बर बसतंय की ओ!

खवचट_खार

😂😂😂 आणि बाईंनी माळा उपसला.

अटलांटिकपार

मी नुसता बसून हसतोय, ऑफिसात लोक बघतायत. भावाची निळी वाटी मग कुठून आली?

बार्शीकर

रांगडाभाऊ, कबूल करतो, चटणी खाणाऱ्यांचं डोकं चालतं.

पारिजात_सांगली

अरे देवा. निम्मी. आमच्या घरात कुणी "अर्धा" हा शब्द वापरायचंच नाही. "निम्मी भाकरी घे", "निम्मा रस्ता झाला". २० वर्षं पुण्यात राहून मी इतकी अर्धी-अर्धी करायला लागलेय की आईचा शब्द समोर लिहिलेला असून वाचता आला नाही. भावाला फोन केला. तो तीन सेकंद गप्प, मग म्हणाला, "पण निळी वाटी होती." त्याला राहू दे.

रांगडा, तुम्हाला मसाल्याची पुडी. नाक मुरडून का होईना, खा.

रांगडा_कोल्हापूरकर

खातो. चटणी मिसळून.

पारिजात_सांगली

बारा दिवसांनी येतेय. नानांनी सांगितलं तसं केलं, बाहेरच्यांना विचारायला गेले. आईबरोबर एक्स्चेंजला काम करणाऱ्या एक काकू विश्रामबागला राहतात, ८० च्या आसपास आहेत, ऐकू कमी येतं. ऑपरेटरला ऐकू कमी येतं म्हणून त्या स्वतःच हसतात.

त्यांनी किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र. आईची नाइट होती. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, आणि उजाडल्यावर बातमी कळली तशी फोनची रीघ लागली, जिल्ह्यात जेवढी लातूर-उस्मानाबादकडची माणसं होती ती सगळी एक्स्चेंजच्या दारात. खेड्यातल्या लायनी लागत नव्हत्या. आईची ड्यूटी सकाळी संपली होती, ती उठलीच नाही. लातूर नाही तर सोलापूर, सोलापूर नाही तर बार्शी, अशी कुठून कुठून वळवून लाइन मिळवत राहिली रात्रीपर्यंत. एक शेतमजूर होता म्हणे, बहीण औसा तालुक्यात दिलेली, दिवसभर पायरीवर बसून. संध्याकाळी लाइन लागली, बहीण जिवंत. तो बोलायला लागला आणि तीन मिनिटं झाली. काकू म्हणाल्या, "तुझ्या आईने घड्याळावर हात ठेवला आणि आमच्याकडे बघून 'बोलू दे' म्हणाली. नियमाची इतकी कडक बाई, पण त्या दिवशी एकाचंही तिकीट तीन मिनिटांच्या वर फाडलं नाही."

मी नऊ वर्षांची होते तेव्हा. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की आई घरी आली नाही आणि बाबांनी केलेली खिचडी करपली होती. रात्री ती आली तर मी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून झोपले. तिने काही सांगितलं नाही. नंतरही कधीच नाही.

निघताना काकूंना सहज विचारलं, मसाल्याला आई कुठली वाटी वापरायची? म्हणाल्या, "वाटी कसली, एक्स्चेंजच्या चहाचा कप. एप्रिलात आम्ही पाचजणी मिळून डंकावर मसाला न्यायचो, पाच जणींचं माप एक असावं म्हणून कप ठरवलेला." आणि कपाटातून तो काढून दाखवला. कान तुटलेला, पांढरा, आणि काठाला निळी रेघ.

भावाला फोटो पाठवलाय. त्याने सलग अकरा अंगठे पाठवले.

खवचट_खार

माझं पुस्तिकेबद्दलचं मत मी मागे घेतो. किल्लारीचं छापा. एक प्रत मला पाठवा, ताट ठेवणार नाही.

निवांत_नाना

घड्याळावर हात. वा.

रातराणी_मिरज

मी मिरजेचीच, परवा सुट्टी आहे. पारिजात, मसाला भाजायला मदत लागली तर सांगा, एक किलो म्हणजे खाऊ नाही. टेस्टचं काय झालं?

पारिजात_सांगली

फाइलमध्ये होती, निगेटिव्ह. भाजून झालाय हो, कालच. घरभर ठसका. दगडफूल निम्मा कप. बाबा शिंकत बाहेर आले आणि म्हणाले खिडकी उघड, तुझी आई आधी खिडकी उघडायची.

चकली_भाजणी

दगडफूल कुठून घेतलंस गं? इथे पुण्यात मिळतं ते नुसती माती असते.

पारिजात_सांगली

गणपती पेठेतून. पाखडून घ्यायचं, मातीच असते निम्मी.